शिक्षकांसाठीची अ‍ॅप्स आणि पुस्तके यांचे परीक्षण कसे लिहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा : आपण ऐरोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवता. मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीत दोन अ‍ॅप्स आणि शिक्षकांसाठीची तीन पुस्तके पाहून प्रत्येकाचे एक पानी परीक्षण द्यायला सांगितले आहे. नमुने शोधले तर सगळीकडे 'वापरण्यास सोपे', 'आकर्षक मांडणी', 'विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त' एवढेच सापडते, आणि ही वाक्ये कोणत्याही अ‍ॅपला चिकटवता येतात हे आपल्या लक्षात आले आहे. मी कळव्याच्या एका शाळेत पाचवी ते आठवीला हेच दोन विषय ३१ वर्षे शिकवले, आणि शेवटची नऊ-दहा वर्षे शाळेला काही नवे विकत घ्यायचे झाले की त्यावर टिपण लिहिण्याचे काम बहुधा माझ्याकडे येत असे. त्या आधारावर लिहिते.

सर्वांत आधी मुख्याध्यापकांना हे सांगून टाका की सुट्टीत परीक्षण अर्धेच होईल. उरलेले अर्धे शाळा उघडल्यावर, दोन तासिका वर्गात वापरून पाहिल्यानंतर होईल. हे सांगायला संकोच वाटेल, मलाही वाटत असे, पण तो संकोच मला एकदा चांगलाच महागात पडला आहे.

गृहपाठासाठीचे एक अ‍ॅप मी घरी बसून, घरच्या वायफायवर, माझ्या स्वतःच्या फोनवर दोन संध्याकाळी पाहिले आणि त्याची भरभरून स्तुती करणारे पान लिहिले. शाळेने त्या पानावर विसंबून वर्षाचे पैसे भरले. सहावीच्या वर्गात ५४ मुले होती. पहिल्या आठवड्यात गृहपाठ केला तो १९ जणांनी. मी आधी मुलांवर रागावले, मग पालकांच्या सभेत पालकांवर रागावले. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पप्पांची सेकंड शिफ्ट आहे, ओटीपी कंपनीत जातो." घरात फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, वडील तुर्भ्याला नाहीतर वागळे इस्टेटला कामावर, आणि अ‍ॅप उघडताना प्रत्येक वेळी त्याच फोनवर येणारा आकडा मागणारे. ते रात्री घरी येईपर्यंत मूल झोपलेले असे. यात अ‍ॅपच्या कंपनीने काही लपवले नव्हते. ओटीपीचा पडदा मीही पाहिला होता, पण फोन माझ्या हातातच असल्यामुळे मला तो अडथळा वाटलाच नाही. तेव्हापासून मी कोणत्याही अ‍ॅपचे परीक्षण वर्गातल्या सर्वांत अडचणीतल्या मुलाच्या घरातून सुरू करते : त्या घरी फोन किती, कोणाकडे, किती वाजता मोकळा, त्यात जागा किती शिल्लक, आणि महिनाअखेरीस डेटा उरतो का. ही माहिती अ‍ॅपच्या दुकानात मिळत नाही. ती आपल्याकडेच असते, आणि आपण लिहिलेल्या परीक्षणाला किंमत आहे ती त्यामुळेच.

आता सुट्टीत घरी काय करता येईल ते सांगते. सर्वांत उपयोगाचे काम म्हणजे अ‍ॅपला मुद्दाम चुकीची उत्तरे देत बसणे. बरोबर उत्तर दिले की सगळीच अ‍ॅप्स टाळ्या वाजवतात, तारे उधळतात. त्यावरून काही कळत नाही. मी अपूर्णांकांच्या बेरजेत नेहमी एकच उदाहरण घालत असे : १/२ + १/३, आणि उत्तर देत असे २/५. वर्गात हे उत्तर दर वर्षी येतेच, कारण पूर्ण संख्यांच्या बेरजेची सवय मूल इथेही लावते, अंशात अंश मिळवते आणि छेदात छेद. बहुतेक अ‍ॅप्स यावर 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' म्हणून मोकळी होतात. काही जरा पुढे जाऊन लसावि काढण्याच्या पायऱ्या दाखवतात. पण त्या पायऱ्या मुलाला बहुधा पाठ असतात, आणि तरीही पुढच्या आठवड्यात ते २/५ लिहिते. माझ्या पाहण्यात एकाच अ‍ॅपने वेगळे काही केले. त्याने सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या दाखवल्या, एकीचा अर्धा भाग रंगवला, दुसरीचे दोन पंचमांश, आणि विचारले की तू अर्ध्यात भर घातलीस, तर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे आले? हा प्रश्न ज्याने लिहिला तो कधीतरी फळ्यापुढे उभा राहिलेला असणार. त्या अ‍ॅपची चित्रे ओबडधोबड होती, आवाज कर्कश होता, आणि मी परीक्षणात या दोन्ही गोष्टी एका ओळीत उरकून पट्ट्यांच्या प्रश्नावर अर्धे पान लिहिले.

याच उदाहरणात दुसरे उत्तर १०/१२ देऊन पाहावे. ते बरोबर आहे, फक्त संक्षिप्त रूप नाही. जे अ‍ॅप त्याला सरळ चूक ठरवते ते मुलाचे खरे आलेले गणित हिरावून घेते, आणि अशा वेळी मूल वाद घालत नाही, आपल्यालाच काही येत नाही असे समजते. तिसऱ्या वेळी तेच ५/६ देवनागरी आकड्यांत लिहून पाहावे. इंग्रजी आकड्यांत दिलेले उत्तर मान्य आणि देवनागरीतले अमान्य, असा प्रकार मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिला आहे. विज्ञानातही असेच करता येते : सातवी-आठवीच्या मुलांना जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा आधी खाली पडते असे ठामपणे वाटत असते, तेव्हा तेच उत्तर द्यावे आणि अ‍ॅप काय म्हणते ते शब्दशः उतरवून घ्यावे.

भाषेची तपासणीही घरी होते, आणि ती मराठी शिक्षकावाचून दुसरे कोणी करणार नाही. 'मराठीत उपलब्ध' असे लिहिलेल्या पुष्कळशा साहित्याचे मूळ हिंदीत असते आणि ते पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडते. आपल्या पुस्तकात अपूर्णांकाला 'छेद' असतो, तिथे 'हर' येतो. आपण 'बैजिक राशी' शिकवतो, तिथे 'व्यंजक' येते, आणि मुलाला ते व्याकरणातले व्यंजन वाटते. 'पेशी'ची 'कोशिका' होते, 'आम्लारी'चा 'क्षारक' होतो. शिक्षकाला संदर्भाने कळते, पण परीक्षेत बालभारतीचा शब्द येणार असल्याने मुलाचा गोंधळ होतो. असे पाच-सहा शब्द परीक्षणात जसेच्या तसे नोंदवा. लहान वर्गांच्या अ‍ॅपमध्ये अक्षरांची वळणेही पाहावीत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली आहेत, तेव्हा पडद्यावरचे ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, आणि 'दऱ्या'तला ऱ नीट उमटतो की मोडतो, एवढे तरी तपासावे. संख्या बोलून दाखवणारे अ‍ॅप असेल तर ते 'एकोणसाठ' म्हणते की 'पन्नास नऊ', तेही लिहावे. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' ही पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता हे आपल्याला आठवत असेल. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची हे परीक्षणाचे काम नव्हे. मुलाच्या पुस्तकातले आणि अ‍ॅपमधले वाचन जुळते की नाही, एवढेच सांगायचे.

त्यानंतर कंपनीचे दावे. विक्रीला येणारा प्रतिनिधी हटकून म्हणतो की आमचे उत्पादन संशोधनाने सिद्ध झालेले आहे. त्याच्याकडे संशोधन मागावे. आपल्याकडेच नव्हे, परदेशातही ते फारसे कोणी मागत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात अमेरिकेतील १७ राज्यांतील शिक्षक आणि शिक्षण प्रशासकांच्या पाहणीचा दाखला आहे : निर्णयापूर्वी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागणारे त्यांत अवघे ११ टक्के निघाले. पण संशोधन हाती आले तरी ते कसे वाचायचे हा प्रश्न राहतोच. त्यासाठी एक चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्लीत सरकारी शाळांतील ६१९ मुलांवर माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन या अर्थतज्ज्ञांनी केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत मुलांची गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती दिसली. त्याचे महत्त्वाचे कारण असे की सहावीतला सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होता, आणि हा कार्यक्रम त्याला सहावीचे प्रश्न न देता तो जिथे अडकला होता तिथले प्रश्न देत होता. इथपर्यंत वाचून कोणालाही खरेदी करावीशी वाटेल. पण पुढे वाचल्यावर कळते की ही मुले शाळा सुटल्यावर केंद्रात जात होती, आठवड्यातून सहा दिवस, रोज दीड तास. त्यातला अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात शिक्षकाबरोबर. आपल्या शाळेत संगणक कक्ष आठवड्यातून एक तासिका मिळतो. मग त्या निष्कर्षातले आपल्याला किती लागू होते? उलट बाजूला पेरू देशातल्या ग्रामीण शाळांत मुलांना लॅपटॉप वाटण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि २०१२ च्या त्याच्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच फरक आढळला नाही. दोन्हीकडे यंत्रे होती. पेरूत यंत्र दिले गेले, दिल्लीत मुलाची पातळी पाहून दिलेला प्रश्न होता आणि शेजारी माणूसही होता. परीक्षणात 'संशोधनाचा आधार आहे' एवढे न लिहिता तो आधार कोणत्या परिस्थितीतला आहे ते दोन ओळींत लिहावे.

माहितीची सुरक्षितता आणि पैसे हा भाग मी थोडक्यात आटोपते, पण वगळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असे म्हटले आहे. तेव्हा अ‍ॅप मुलाचा फोटो, ठिकाण आणि संपर्कयादी मागत असेल तर का मागते, हे विचारावे. पैशांच्या बाबतीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केले होते की मोफत म्हणून सुरू होणाऱ्या सेवेत खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याची संमती नकळत दिली जाऊ शकते. चाचणीची मुदत संपल्यावर काय होते, हे परीक्षण लिहिणाऱ्याने मुदत संपेपर्यंत थांबूनच पाहावे.

आता वर्गातला अर्धा भाग. तिथे अ‍ॅपकडे न पाहता मुलांकडे पाहावे आणि शक्य असेल तर दुसऱ्या शिक्षकाला मागच्या बाकावर वही घेऊन बसवावे. एक प्रसंग सांगते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केला. त्यातील प्रयोगचित्रे, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहायचे प्रयोग, मोफत आहेत, बरीचशी मराठीत आहेत आणि उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालतात. आठवीला धाराविद्युत शिकवताना मी त्यातला विद्युत परिपथ जोडण्याचा प्रयोग पाच संगणकांवर लावला. पहिल्या चार मिनिटांत एका मुलाने बॅटरीच्या दोन्ही टोकांना नुसती तार जोडली आणि पडद्यावर बॅटरीने पेट घेतला. त्यानंतर दहाव्या मिनिटापर्यंत पाचही संगणकांवर आगी लावण्याचाच कार्यक्रम चालला. मागे बसलेल्या सहकारी बाईंनी वहीत लिहिले, 'वेळ वाया'. मला तसे वाटले नाही, कारण अकराव्या मिनिटाला एका मुलीने मध्ये बल्ब जोडला, आग लागली नाही, आणि ती शेजारणीला म्हणाली, "हा अडवतो बहुतेक." रोध हा शब्द मी अजून फळ्यावर लिहिलेलाही नव्हता. परीक्षणात मी दोन्ही मते लिहिली आणि पुढे सूचना लिहिली : पहिली दहा मिनिटे आगीला द्यावीत, त्यानंतर 'बल्ब मध्ये आल्यावर आग का लागली नाही?' हा एकच प्रश्न द्यावा, आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही म्हणून जोडतासिका घ्यावी. हे वाचून दुसऱ्या शाळेतला शिक्षक निर्णय घेऊ शकतो. 'उत्कृष्ट आणि परस्परसंवादी' वाचून घेऊ शकत नाही.

मुलांच्या हाती यंत्र नसलेल्या वर्गासाठी प्लिकर्ससारख्या साधनाचाही विचार व्हावा. त्यात प्रत्येक मुलाकडे छापलेले एक कार्ड असते, उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचे आणि शिक्षकाने आपल्या एकाच फोनच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपायचा. भरलेल्या वर्गात हे चालते, फक्त कार्ड धरताना बोटे चिन्हावर आली तर उत्तर नोंदले जात नाही, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचीच बोटे चिन्हावर येतात. शासनाच्या दीक्षा मंचाचा क्यूआर कोड बालभारतीच्या पुस्तकांतच असतो, त्यामुळे विकतचे अ‍ॅप घेण्यापूर्वी त्याच पाठाचा कोड उघडून तुलना करावी. जे फुकट मिळते त्याच्यापेक्षा विकतचे नेमके कशात सरस आहे, हे एक वाक्य प्रत्येक परीक्षणात असलेच पाहिजे.

पुस्तकांची परीक्षा मी वेगळ्या तऱ्हेने करते. शिक्षकांसाठीच्या पुस्तकात आधी फसलेला दिवस शोधते. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो, पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो, मुले दंगा करतात, आणि शेवटी त्याला त्यांना सुट्टी द्यावी लागते. इतक्या वर्षांनंतरही शिक्षक त्या पुस्तकावर विश्वास ठेवतात, त्यामागे त्या पहिल्या दिवसाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते. ज्या पुस्तकात प्रत्येक उपक्रम प्रत्येक वेळी यशस्वी होतो त्याचा लेखक वर्गात किती वेळ होता याची मला शंका येते. दुसरे, एक उपक्रम निवडून तो पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच करून पाहते आणि लागलेला वेळ, साहित्याचा खर्च आणि पटसंख्या लिहिते. परदेशी पुस्तकांच्या भाषांतरात पंचवीस मुलांचा वर्ग गृहीत असतो, हे वाचकाला आधीच कळलेले बरे. तिसरे, जुन्या समजुती नव्या वेष्टनात आल्या आहेत का ते पाहते. 'काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही हातांनी, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा' हे प्रशिक्षणांत इतके ऐकू येते की ते सिद्ध झालेले आहे असेच वाटते. पण हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली त्यावरचे संशोधन तपासले तेव्हा या शिकवणुकीला पुरेसा आधार सापडला नव्हता. पुस्तकाचा मोठा भाग त्यावरच उभा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. विकत घेण्याआधी जमल्यास ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एक चक्कर मारा. १८९३ पासूनच्या त्या संस्थेत शिक्षणावरची जुनी पुस्तके चाळली की नव्या पुस्तकात खरोखर नवे किती, याचा अंदाज येतो. निदान मला दोनदा तरी खरेदी रद्द करावी लागली.

लिहिताना पहिल्या दोन वाक्यांत निर्णय द्या : कोणत्या इयत्तेला, कशासाठी, घ्यावे की नाही. मुख्याध्यापक तेवढेच वाचतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. प्रत किंवा खाते अभिप्रायासाठी फुकट मिळाले असेल तर तेही वरच लिहा. तारे किंवा दहापैकी गुण देऊ नका. एकदा आकडा दिला की खालचा मजकूर कोणी वाचत नाही. कोणत्या फोनवर, कोणत्या तारखेला, अ‍ॅपची कोणती आवृत्ती पाहिली हे तळाशी नोंदवा आणि खाली चार ओळींची जागा मोकळी सोडा, कारण अ‍ॅप सहा महिन्यांत बदलते आणि त्या जागेत पुढची नोंद करावी लागते. माझ्या त्या स्तुतिपर पानाखाली मी नंतर लाल शाईने लिहिले होते : '५४ पैकी १९. ओटीपी कंपनीत जातो.' ते पान अजून शाळेच्या फायलीत आहे.

मुख्याध्यापकांकडे दोन तासिका मागताना सुट्टीनंतरचा पहिला आठवडा मागू नका, तेव्हा निम्मी मुले गावाहून परतलेली नसतात. दुसऱ्या आठवड्यातल्या, आणि शक्यतो मधल्या सुट्टीच्या आधीच्या मागा.